डब्ल्यू म्हणजे हिवाळा

निफाडला पारा पाचावर आला त्या पहाटे
उगावच्या यशोधन ढोमसेची पिकअप सुरू होईना.
मागे क्रेटमध्ये द्राक्षं, बागेत शेकोट्यांचा धूर,
आणि इंजिन
एकदा खाकरून गप्प.

दगू अहिरराव, माझे वस्ताद,
आडगाव नाक्यापासून माझ्या मागे बसून आले,
मफलरीत नुसते डोळे.
डिपस्टिक ओढली, टॉर्चपुढे उलटी धरली.
थेंब पडेना.
"याचं खोबरेल थिजलंय."
ढोमसे म्हणाला, "ऑइल आहे ते, खोबरेल नाही."
"तेच म्हणतोय."

डबा दाखवला त्याने. नुसतं चाळीस.
एकच आकडा, एकाच ऋतूचं तेल.
शेकोटीतले निखारे घमेल्यात घेऊन
वस्तादांनी चेंबरखाली सरकवले
आणि बाळंतिणीच्या खाटेशी बसावं
तसे उकिडवे बसून राहिले, अर्धा तास.

येताना चांदोरीच्या टपरीवर मी विचारलं,
पंधरा डब्ल्यू चाळीस, म्हणजे काय?
"डब्ल्यू म्हणजे हिवाळा. वजन नाही.
मुळात घेतात पातळच तेल, थंडीत पळणारं.
त्यात सोडतात लांबलचक साखळ्या.
गारठ्यात त्या पडून असतात
पोत्यावरच्या कुत्र्यासारख्या, अंगाचं वेटोळं करून.
तापलं की अंग सोडतात, हातपाय ताणतात,
तेलाच्या वाटेत आडव्या येतात."
"म्हणजे तापल्यावर घट्ट होतं?"
"नाही रे! पातळच होतं. सगळंच होतं.
हे जरा कमी होतं, एवढंच.
कसारा घाटात तेवढं पुरतं."

बशीतला चहा संपवून पुढे म्हणाले:
जमिनीतून निघालेलं तेल म्हणजे वरात,
लांब, आखूड, वाकडे, मेणचट, सगळे आलेले,
आणि त्यातले मेणचट थंडीत जागीच बसतात.
सिंथेटिक म्हणजे सातपूरच्या लेथवरचं बुश,
एक काढा, दुसरं काढा, माप तेच.
"मग तेच का नाही टाकत आपण?"
"गाडीचं वय विचारलंस का?"

ढोमसेने नव्हतं विचारलं.
त्याने कुठूनसं ऐकलं, महागाचा डबा आणला,
तीन लाख किलोमीटर झालेल्या इंजिनात स्वतःच ओतला.
महिन्याभरात त्याच्या ओट्यापुढे काळी रांगोळी.
नव्या तेलाने वर्षांचा मळ धुऊन काढला होता
आणि झिजलेल्या सिलांच्या जागी
इतके दिवस
मळच उभा होता.
वस्ताद रागावले नाहीत.
"तेल चांगलंच आहे," म्हणाले, "सील बदल,"
आणि मजुरी लावली नाही.

साखळ्या तुटतात, हे मात्र त्यांनी सांगितलं
फार उशिरा, दुकानाची किल्ली माझ्याकडे देताना.
गिअरच्या दातांत, बेअरिंगच्या फटीत
रोज थोड्या थोड्या.
डब्यावर चाळीस तसंच राहतं,
चेंबरमध्ये तीस उरतं. कधी तेवढंही नाही.
आणि रंगावरून काही कळत नाही.

पूर्वी ते दोन बोटांत थेंब चोळून आकडा सांगायचे,
किलोमीटर सांगायचे,
मालक खोटं बोलतोय का तेसुद्धा.
परवा म्हसरूळला त्यांच्या घरी
मी चिंधीवर नमुना नेला.
बोटं चोळत राहिले. चोळत राहिले.
मग बोटं धोतराला पुसून म्हणाले,
"तूच सांग."

आता सकाळी ते उन्हात बसतात,
हातात खोबरेलची बाटली तिरकी धरून.
आत पांढरा गोळा, काचेला चिकटलेला.
कधी मला ओळखतात लगेच,
कधी वेळ लागतो.
मी हाक मारून थांबतो, पुन्हा मारत नाही.
गाडी लागली की लगेच रेस देऊ नको,
तेल वर हेडपर्यंत चढू दे,
असं म्हणत पहिल्याच दिवशी
ज्यांनी माझ्या पायावर पाना मारला होता
ते हेच.